दोन कुलपांची शिडी

मी शिडी आहे. बांबूची, एकवीस पायऱ्यांची. भिंतीला पाठ लावून, अंगावर तीन रंगांचे पट्टे घेऊन आणि गळ्यात हार घालून मी तुमच्याशी बोलते आहे. शिडीला गळा नसतो हे मला माहीत आहे. हार घालणाऱ्यांना माहीत नसावं. आणि आमच्या बुऱ्हाणपुरात हार घालणाऱ्याला कुणी प्रश्न विचारत नाही.

माझा जन्म सातपुड्याच्या जंगलातला. माझ्याबरोबर तोडलेले बरेच भाऊबंद कागदाच्या कारखान्यात गेले आणि त्यांचं वर्तमानपत्र झालं. दर सणाच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर शांततेचं आवाहन छापलं जातं आणि सणाच्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. मी वाचले, कारण माझे दोन दांडे सरळ होते. आमच्याच गावातल्या लालबागच्या एका बुरुडाने ते महिनाभर पाण्यात ठेवले, सावलीत वाळवले, त्यांत बाभळीच्या पायऱ्या बसवल्या. मग स्वतः वरपर्यंत चढून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "वीस-पंचवीस वर्षं हिला काही होत नाही. दरसाल तेल पाजा, आणि उन्हापावसात टाकू नका." माझ्या आयुष्यात माझ्याविषयी बरीच भाषणं झाली. पण कामाचं बोलला तो हा एकच माणूस.

गिऱ्हाईक म्हणजे सिंधीपुऱ्यातल्या एका गल्लीतलं मारुतीचं देऊळ. देऊळ मुळात मारुतीचं, पण पुढे जसजसा भिंतीत कोनाडा निघाला तसतसा एकेक देव आला. गणपती आला, दत्त आले, देवी आली, एका कोनाड्यात तर कुणीतरी नवस फेडायला आणलेले दोन शनी बसले आहेत. गल्लीच्या तोंडाशी मशीद. तिथे एकच कोनाडा, आणि तोही रिकामा. एवढाच काय तो दोघांतला फरक मला बाहेरून दिसला. आत जायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. माझं काम दोन्हीकडे बाहेरूनच.

मला हातगाडीवरून आणलं त्या दिवशी एक अडचण झाली. देवळाकडे जाताना गल्ली जिथे वळते, तिथून मला आत नेऊन ठेवायला जागाच नव्हती. उभी करून वळवता येत होतं, पण रोज आडवी ठेवणार कुठे? देवराम पेंटर म्हणाला, चार पायऱ्या कापून टाकू. हा देवराम देवळाला चुना लावायचा, पाट्या रंगवायचा आणि दसऱ्याला शिखरावरचा झेंडा बदलायचा. करवत त्याच्या हातातच होती. तेवढ्यात मशिदीच्या ओट्यावरून मुनाफ उठला. मुनाफ यंत्रमागाचा मिस्त्री, त्याला धडधाकट वस्तू कापलेली बघवत नाही.

"काट मत रे," तो म्हणाला. "हमारी दीवाल लंबी है. इधर टांग दे."

मशिदीच्या बाहेरच्या भिंतीला, पत्र्याखाली, दोन खुंट्या ठोकल्या गेल्या आणि मी त्यांच्यावर आडवी झाले. ना बैठक झाली, ना ठराव, ना फोटो. देवळाची शिडी मशिदीच्या भिंतीवर राहिली, कारण भिंत लांब होती. पुढे वीस वर्षं मी तिथे होते आणि या वीस वर्षांत सर्वधर्मसमभाव हा शब्द माझ्या कानावर एकदाही पडला नाही. सुखाचे दिवस होते.

माझ्यावर चढायचा एक रिवाज या दोघांनी पाडला होता. चढणारा म्हणायचा, "धर." खालचा माझ्या दोन्ही दांड्यांना हात लावायचा, पायाशी आपला पाय रोवायचा आणि म्हणायचा, "चढ." हे दोन शब्द झाल्याशिवाय पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. दसऱ्याला देवराम सभामंडपाच्या गच्चीवरून शिखरावर चढायचा तेव्हा मुनाफ खाली धरायचा. रमजानच्या आधी मुनाफ मिनारावरचा दिवा बदलायचा तेव्हा देवराम धरायचा. मुनाफ बाकी सगळं हिंदीत बोलायचा, पण "धर" मात्र देवरामचाच घेतला होता.

आणि या सगळ्या वेळात दोघं भांडायचे. देवावरून भांडायचे. मुनाफ देवरामला हाक मारायचा तीच मुळी "ए तैंतीस करोड़" अशी. देवराम त्याला म्हणायचा "एकट्या."

"तैंतीस करोड़ रखे हैं," मुनाफ खालून म्हणायचा, "और एक सीढ़ी रखने की जगा नहीं तुम्हारे पास."

"आणि तुमचा एकटा," देवराम वरून झेंड्याची गाठ मारत सांगायचा, "सगळं त्याचंच आहे म्हणतोस ना? मग त्याची एक शिडी असू नये? दिवा लावायला आमची मागतो."

"मांगी किधर? टंगी तो हमारे इधर है."

"म्हणून तर म्हणतो. देव ठेवायचा नाही म्हणता, अन् देवाची शिडी ठेवता."

असं चालायचं. देवराम म्हणायचा, एकाच देवाने एवढं जग सांभाळणं शक्य नाही, आमच्या गावच्या मिलमध्ये तीन पाळ्यांना तीन सुपरवायझर लागतात. मुनाफ म्हणायचा, सुपरवायझर तीन असले तरी मालक एक असतो, आणि जिथे मालक दोन झाले ती मिल मी बंद पडताना बघितली आहे. देवराम म्हणायचा, तुझं चुकतंय. मुनाफ म्हणायचा, तेरा गलत है. वीस वर्षांत दोघांपैकी कुणी तसूभर हलला नाही. आणि वीस वर्षांत वरचा कधी पडला नाही, कारण खालचा कधी हलला नाही.

दसऱ्याच्या आधी देवराम मला जवसाचं तेल पाजायचा. तेल कमी पडलं तर मुनाफ मागाचं जुनं तेल आणायचा. देवराम नाक मुरडायचा, कोनाड्यातल्या देवांना वास येईल म्हणायचा, आणि लावायचा.

मग तीन वर्षांपूर्वी आदर सुरू झाला.

त्या साली गणपतीचं विसर्जन आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली. गणपती राजघाटाकडे जाणार, जुलूस गल्लीतून बाहेर पडणार, वाट एकच. तशी भीती काही नव्हती. दोन्हीकडच्या जाणत्यांनी ओट्यावर बसून वेळा वाटून घेतल्या असत्या, पूर्वीही घेतल्या होत्या. पण कुणाच्या तरी मोबाइलवर कुठल्यातरी दुसऱ्या गावाचा एक व्हिडिओ आला आणि लगेच शाळेच्या हॉलमध्ये सद्भावना सभा ठरली. फलक बांधायला मला नेलं आणि काढायला पुन्हा न्यायला नको म्हणून तिथेच भिंतीला टेकवून ठेवलं. त्यामुळे ती सभा मला पुरी ऐकावी लागली. पळून जाता येत नाही हा शिडीच्या जन्मातला मोठा दोष आहे.

मंचावर देवळाच्या समितीचे अध्यक्ष भूपेंद्रशेठ होते, केळीचे व्यापारी. मशिदीच्या कमिटीचे सदर रऊफसाहेब होते, सुताचे व्यापारी. दोघांनी एकमेकांना इतक्यांदा मिठी मारली की फोटोवाल्याला शेवटी नको म्हणावं लागलं.

मुख्य भाषण निवृत्त मुख्याध्यापक निरंजन सरांचं. ते म्हणाले, आमचे देव अनेक दिसतात, पण आत एकच तत्त्व आहे, तेव्हा बारकाईने पाहिलं तर आम्हीही एकच देव मानतो, आणि आमचे मुस्लिम बांधव नकळत आमचंच तत्त्वज्ञान जगत आहेत. टाळ्या झाल्या. मग दुसऱ्या बाजूचे एक विद्वान उठले. ते म्हणाले, खरा धर्म पहिल्यापासून एकच आहे, बाकीचे लोक पुढे थोडे विसरले, पण आठवण जागी केली की आमचे हिंदू भाईही आमचेच आहेत. पुन्हा टाळ्या. म्हणजे दोघांनीही दुसऱ्याला मोठ्या मनाने आपल्यात घेऊन टाकलं, आणि दुसऱ्याचं म्हणून काही शिल्लकच ठेवलं नाही. याला तिथे परस्परांविषयीचा आदर म्हणत होते.

मला मागे बसलेले देवराम आणि मुनाफ दिसत होते. मुनाफ देवरामच्या कानाशी लागून म्हणाला, "ये दोनों को सीढ़ी पे चढ़ा दे. धरेगा कौन?"

मला वाटलं आता सुटका. पण भूपेंद्रशेठची नजर माझ्यावर गेली. ते उठले आणि म्हणाले, ही शिडी देवळाची असून वीस वर्षं मशिदीत आहे, हीच खरी एकता, आणि आज मी देवळातर्फे ती मशिदीला अर्पण करतो. टाळ्यांचा कडकडाट. रऊफसाहेब मागे कसे राहतील? त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, हमने बीस साल अमानत समझकर संभाली, आज बाइज्जत मंदिर को लौटाते हैं. आणखी मोठा कडकडाट. भूपेंद्रशेठ म्हणाले, दिलेलं दान परत घेत नाहीत. रऊफसाहेब म्हणाले, अमानत अपने पास रखना गुनाह है. अर्धा तास दोघं मला एकमेकांच्या गळ्यात बांधत होते. ज्याला मी खरोखर हवी होते, असा एकही माणूस मंचावर नव्हता.

शेवटी निरंजन सरांनी ठराव लिहिला. शिडी दोघांचीही नाही आणि दोघांचीही आहे. ती चौकातल्या सार्वजनिक भिंतीपाशी ठेवावी. दोन्ही पक्षांच्या संमतीखेरीज कुणी हलवू नये. संमतीची खूण म्हणून प्रत्येकाने आपापलं कुलूप लावावं. दुसऱ्या दिवशी भूपेंद्रशेठनी नारळ फोडून एक कुलूप लावलं, रऊफसाहेबांनी दुआ करून दुसरं. दोन साखळ्या, दोन कुलपं, दोन किल्ल्या. वर पत्रा नाही. पावसाळा चालू होता.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. देवराम एकदा तेलाचा डबा घेऊन आला, तर समितीच्या एकाने सांगितलं, आधी त्यांना विचारा, उगाच कुणाच्या भावना नकोत. तो त्यांना विचारायला गेला, तर त्यांनी सांगितलं, पहले उनसे लिखवाके लाओ. तेलाचा डबा परत गेला. देवळाने स्वतःची एक अॅल्युमिनियमची शिडी आणली. आठ दिवसांत मशिदीनेही आणली, तशीच, त्याच दुकानातली. दोन्ही माझ्याहून चार फूट आखूड निघाल्या. शिखरावरचा झेंडा बदलायचा राहिला. मिनारावरचा दिवा गेला तो गेलाच. पण कुणी कुणाकडे काही मागत नाही, तेव्हा सगळीकडे आदर आहे.

आता गेल्या माघातली सकाळ सांगते.

देवराम चौकातच, माझ्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. बायको मागेच वारली, मुलगा चंदन सुरतेला कामाला. एकदा खालच्या दुकानात चोरी झाली तेव्हा चंदनने जिन्याला लोखंडी दार बसवून दिलं, आतून कडीचं. रोज सकाळची नमाज झाली की मुनाफ खिडकीखाली उभा राहून "ए तैंतीस करोड़" अशी हाक मारायचा. देवराम खिडकी उघडून "आलो रे एकट्या" म्हणायचा. मग दोघं चहाला जायचे.

त्या दिवशी मुनाफने तीन हाका मारल्या. खिडकी उघडली नाही. चौथ्या हाकेला आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. भांडं असावं. मग काही नाही.

मुनाफने जिन्याचं दार ठोकलं. माणसं जमली. चौघांनी खांदे लावले, पण चंदनने दार चांगलं बसवलं होतं. अग्निशमन दलाला फोन केला, तर गाडी गल्लीत शिरत नाही. अॅल्युमिनियमच्या दोन्ही शिड्या आणल्या. दोन्ही खिडकीच्या खाली चार फूट थांबल्या. मोबाइलच्या दुकानातला निलेश म्हणाला, दोन्ही एकाला एक बांधू. त्यावर दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी विचारलं, मधे सुटली तर जबाबदारी कुणाच्या शिडीची?

तेव्हा सगळ्यांना मी आठवले.

भूपेंद्रशेठ इंदूरला लग्नाला, किल्ली त्यांच्या खिशात. रऊफसाहेब खंडव्याला, किल्ली त्यांच्या खिशात. फोन लागले. भूपेंद्रशेठ म्हणाले, कुलूप तोडायला माझी काही हरकत नाही, पण माझी हरकत नसल्याला त्यांची हरकत आहे का, ते आधी विचारून घ्या. रऊफसाहेब म्हणाले, बिल्कुल तोड़ो, जान का सवाल है, पर पहले मंदिर का टूटे, नहीं तो लोग कहेंगे समझौता हमने तोड़ा. हे भूपेंद्रशेठना सांगितलं. ते म्हणाले, आमचं आधी तुटलं तर अर्थ काय निघेल, तुम्हीच सांगा. मग दोघांनी आपापल्या माणसांशी बोलून कळवतो म्हणून फोन ठेवले. फोन पुन्हा आले. पुन्हा गेले. सगळं अतिशय सभ्य भाषेत चाललं होतं. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. दीड तास झाला.

मुनाफच्या घरातून हातोडा आला होता. तो हातोडा घेऊन माझ्यापाशी उभा होता. मशिदीचं कुलूप त्याने तोडलं असतं. पण दुसरं देवळाचं होतं, आणि चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते. मुनाफने देवळाचं कुलूप तोडलं, एवढाच तुकडा संध्याकाळपर्यंत किती गावं फिरेल, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मुनाफलाही कळत होतं. तो देवळाच्या माणसांना म्हणत होता, "तुम तोड़ो ना रे. अपना तो तोड़ो." ते म्हणत होते, आम्ही आमचं तोडू चाचा, पण तुमचं राहील ना, आणि तुमच्याला आम्ही कसा हात लावणार, आम्ही मान ठेवतो.

बहात्तर वर्षांच्या माणसाला मी रडताना पाहिलं. वर खिडकीमागे त्याचा मित्र पडला होता आणि खाली पन्नास माणसं मान ठेवत उभी होती.

तेव्हा मालूबाई आली. चौकाच्या कोपऱ्यावर ती फुलं विकते. झेंडू देवळाला आणि गुलाब दर्ग्याला, एकाच टोपलीतून, एकाच तांब्यातलं पाणी शिंपडून. तिने विचारलं, "काय पाही राहिले रे इथे?" निलेशने सांगितलं. ती परत गेली आणि तागडीतलं दोन किलोचं वजन घेऊन आली. पहिलं कुलूप चार घावांत गेलं. दुसरं सहा. कुठलं आधी गेलं ते मी सांगणार नाही. ज्यांनी व्हिडिओ काढला त्यांनी ते बघून ठेवलं आहे, आणि त्यावर अजून चर्चा चालू आहे.

"नीट काढ फोटो," ती एका मोबाइलवाल्याला म्हणाली. "मालूबाई दगा माळी नाव सांगजो. दोन्ही मीच तोडले."

मला उचलून खिडकीला लावलं. कुणीतरी म्हणालं, चाचा, तुम्ही नका, पोरं चढतील. पोरं मोबाइल खिशात ठेवायच्या आत मुनाफ माझ्यापाशी आला होता. सवयीने म्हणाला, "धर."

खालून कुणी "चढ" म्हणालं नाही. क्षणभर त्याचा पाय तसाच उचललेला राहिला. वीस वर्षं ते उत्तर देणारा माणूस वर होता. मग निलेशने दोन्ही दांडे पकडले, पाय रोवला आणि म्हणाला, "धरलंय चाचा. चढा."

तीन पावसाळे माझ्या अंगात मुरले होते. अकराव्या पायरीला मी दगा दिला. ती मधोमध मोडली आणि मुनाफ एका हाताने लोंबकळला. मी ओशाळले. पण निलेश हलला नाही, म्हणून मी हलले नाही, म्हणून मुनाफला बारावी पायरी सापडली. तो खिडकी ढकलून आत गेला. जिन्याची कडी निघाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

देवराम जिवंत होता. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चंदनला विचारलं, पडल्याचं केव्हा कळलं होतं? दोन तास आधी आणला असता तर बराच वाचला असता. चंदनने मुनाफकडे पाहिलं. मुनाफ जमिनीकडे पाहत होता. हे मला मालूबाईने फुलं निवडताना शेजारणीला सांगितलं त्यावरून कळलं.

आता पुढचं ऐका. महिन्याभरात पुन्हा सद्भावना सभा झाली. वेळेवर संमती दिल्याबद्दल भूपेंद्रशेठ आणि रऊफसाहेब यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. मालूबाईला समज देण्यात आली. निरंजन सरांनी नवा ठराव लिहिला की, ज्या शिडीने धर्माच्या भिंती ओलांडून प्राण वाचवले, ती एकतेचं प्रतीक म्हणून जतन करावी. मी ओलांडली ती एक खिडकी होती. पण ते असो. मला एका टोकाला भगवा, दुसऱ्या टोकाला हिरवा आणि मधे पांढरा रंग दिला. खाली कुठला आणि वर कुठला, यावर तीन बैठका झाल्या. शेवटी मला आडवी लावायचं ठरलं, म्हणजे वर-खाली हा प्रश्नच उरत नाही. चार मोठे बोल्ट मारून मला चौकातल्या भिंतीत पक्की केली. वर एक छोटं छप्पर घातलं, आणि मी कोरडी राहावी हे या लोकांना तेव्हा सुचलं, जेव्हा माझ्यावर चढायचं कुणालाच उरलं नाही. शेजारी संगमरवरी पाटी. समोरच्या खांबावर कॅमेरा, माझ्या रक्षणासाठी.

मोडलेली अकरावी पायरी तशीच आहे. ती आता सर्वांत पवित्र समजली जाते. कुणीतरी तिला नवसाचा धागा बांधला. मग दुसऱ्या कुणीतरी मन्नतीचा. आता दोन्हीकडच्या बायका येतात, परीक्षेचा निकाल, अडलेलं लग्न, मुलाची नोकरी, सगळं मला सांगून धागे बांधून जातात. गुरुवारी देवळाकडून हार येतो, जुम्याला उदबत्ती. अनेक देव मानणाऱ्यांना आणखी एक जड गेला नाही. एकच मानणाऱ्यांनी फार चौकशी केली नाही. पहिल्यांदा धागा पाहिला तेव्हा मुनाफ माझ्यापुढे कितीतरी वेळ उभा राहिला आणि हळू म्हणाला, "ले. तू भी गई."

देवळाच्या शिखरावर जुन्याच झेंड्याच्या चिंध्या आहेत. मिनार अंधारा आहे. दसरा महिन्यावर आला आहे.

रोज संध्याकाळी मुनाफ देवरामला हात धरून खाली आणतो आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसवतो. देवरामला आता एकच शब्द येतो. चहा हवा असला तरी तोच, चंदनचा फोन आला तरी तोच, डास चावला तरी तोच. "धर." मुनाफ दर वेळी उत्तर देतो, "चढ." मग मुनाफ एकटाच भांडतो. तुझ्या तैंतीस करोडांपैकी एकाला तरी त्या दिवशी सकाळी खिडकी उघडता आली नाही का, म्हणून विचारतो. आणि मग देवरामच्या बाजूनेही स्वतःच उत्तर देतो, तुझ्या एकट्याने तरी कुठे उघडली. उत्तर चुकलं की देवराम हात झटकतो. मुनाफ दुरुस्त करतो.

आणि देवराम आपला डावा हात माझ्यावर ठेवून बसतो. येणारेजाणारे म्हणतात, बघा, काय श्रद्धा आहे. भूपेंद्रशेठनी तर त्याचा फोटो काढून घेतला.

त्या हाताखाली, अंगावरच्या शालीच्या आत, तेरा नंबरचा पाना असतो. मुनाफच्या मागाच्या पेटीतला. समितीने बोल्ट गंजू नयेत म्हणून वर रंग दिला आहे, त्यामुळे नट घट्ट बसले आहेत, आणि देवरामचा डावा हात पहिल्यापासून कामाचा नव्हता. रोज पाव फेरा होतो. कधी तोही होत नाही. मुनाफ बाजूला उभा राहून एक आणि अनेक यावर मोठ्याने वाद घालत राहतो, म्हणजे पान्याचा आवाज येत नाही. निलेशला सांगून ठेवलं आहे, दसऱ्याला तो चढणार. मालूबाईने जवसाचं तेल आणून ठेवलं आहे, आणि बाभळीची एक पायरी.

तीन नट निघाले. एक राहिला आहे.

तेव्हा तुम्ही कधी या चौकातून गेलात तर मला नमस्कार करू नका, धागा बांधू नका, आणि कृपा करून माझ्यावर भाषण देऊ नका. खांबाकडे पाठ करून घटकाभर माझ्यासमोर उभे राहा. त्या कॅमेऱ्याला तेवढाच आडोसा होतो.